विषय : वाडीतील माकडताप

आमच्या आतोबांचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्या अक्षराच्या गर्वानं आमच्या घराची जेवढी शोभा केली तेवढी माकडानंही केली नाही. हे मी आज शांतपणे लिहिते आहे. तेव्हा मी त्यांच्या शाईच्या बाटलीत मीठ टाकलं होतं आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लग्नानंतर चार दिवस पाहुणचाराला म्हणून आले आणि राहिले. ‘घरजावई’ हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. चुकून तोंडात आला तर आई तो खोकून गिळायची. बाबा, आई, आत्या, आतोबा आणि मी, अशी आम्ही पाच माणसं. वटार गावाच्या बाजूला भाताची थोडी शेती आणि घरामागे केळीची वाडी. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मी प्राणिशास्त्रात पदवी घेऊन वर्षभर एका शाळेत शिकवत होते, म्हणजे फळ्यावर बेडूक काढत होते आणि मुलं त्याला मिशा काढत होती.

त्या उन्हाळ्यात मला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत शिकाऊ सहायकाची जागा मिळाली. माकडांच्या आणि माणसांच्या अंगात विषाणू कसे शिरतात आणि अंग त्यांना कसं अडवतं, याचा तिथं अभ्यास चालायचा. मुलाखतीला तीन माणसं होती. त्यांनी मला विचारलं, माकडांची भीती वाटते का? मी म्हटलं, मी शाळेत शिकवते. मला जागा मिळाली. आता फक्त मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म भरायचा राहिला होता, आणि त्याच्यावर पालकांची सही हवी होती. महिनाअखेरपर्यंत फॉर्म पोचला नाही तर वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही तर पुणं नाही.

बाबा सही करत नव्हते. नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि हो म्हणायची इच्छा नव्हती. मी फॉर्म पुढं केला की ते छपराकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, “आधी ह्या माकडाचा बंदोबस्त होऊं दे, मंग तुज्या माकडांचा बगू.”

घरच्या एका माकडापायी माझी पुण्याची सगळी माकडं अडून बसली होती. त्यामुळे त्या माकडाबद्दल सांगणं भाग आहे.

एकटंच होतं ते. लाल तोंडाचं, रुंद खांद्याचं, शेपटीचं टोक तुटलेलं. तुंगारेश्वराच्या डोंगरातल्या आपल्या टोळीतून हाकललं गेलं असावं; स्वभाव बघता टोळीचा निर्णय योग्यच होता. होळीच्या सुमारास ते आमच्या वाडीत आलं आणि त्याला सुकेळीचा शोध लागला. सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी. पिकलेली राजेळी सोलून बांबूच्या मांडवावर चटईत मांडायची, दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी झाकून ठेवायची, रोज उलटायची. काही दिवसांनी ती तपकिरी, चिवट आणि अशी गोड होतात की बोटं चाटताना माणसाला लाज वाटत नाही. आईच्या सुकेळीला आसपासच्या चार गावांतून सांगावे यायचे. कच्च्या केळ्याकडे त्या माकडानं कधी ढुंकून पाहिलं नाही. ते आईनं पाच दिवस राबून तयार केलेला मालच उचलायचं, तोही मधला, मऊ.

बाबांनी आधी मांडवाखाली कुत्रा बांधला. माकड छपरावरून मांडवावर उतरलं. बाबांनी कुत्र्याची दोरी लांब केली. माकड मांडवाच्या खांबांभोवती गोल गोल फिरलं, कुत्रा त्याच्यामागे फिरला आणि दोरी गुंडाळली जाऊन खांबाला चिकटून उभा राहिला. बाबांनी फटाके आणले. दोन दिवस माकड पळालं. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आवाज एकदाच होतो. मग ते काड्यापेटी वाजली की लांब जाऊन बसायचं, आवाज झाला की परत यायचं. बाबांनी कोळीवाड्यातून जुनं जाळं आणून मांडवावर टाकलं. माकडानं भोकातून हात घातला. बाबांनी बारीक भोकाचं जाळं आणलं. माकडानं कडा उचलली. बाबांनी कडेवर दगड ठेवले. मग माकडाकडे दगडही झाले.

शेवटी बाबांनी बुजगावणं उभं केलं आणि त्याला आतोबांचा जुना सदरा घातला. माकड दोन दिवस त्याच्याकडे बघत राहिलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसून सुकेळी खाल्ली. आणि त्याचा परिणाम असा झाला की त्यानंतर ते खऱ्या आतोबांनाही भीक घालेना. आतोबा काठी घेऊन धावले तरी ते त्यांच्याकडे ओळखीनं बघायचं.

एका दुपारी जेवताना मी बाबांना म्हटलं, “बाबा, हेच तर मी पुण्याला शिकणार आहे. विषाणू एक युक्ती काढतो, अंग त्याच्यावर दुसरी काढतं, मग विषाणू तिसरी. माकडांच्या आणि माणसांच्या अंगात हे लाखो वर्षं चाललंय.”

“लाखो वर्सं?” बाबांनी घास खाली ठेवला. “म्हंजे तुमालाबी बंदोबस्त सापडला नाय.”

आणि त्यांनी ठरवलं की आता सरकारलाच अर्ज करायचा.

अर्ज बाबांनी सांगितला, मी कच्चा लिहिला. ‘आमच्या वाडीत माकडाचा ताप फार वाढला आहे’ अशी माझी सुरुवात होती. साधी, सरळ, दोन शब्दांमध्ये नीट जागा सोडलेली. पण आमच्या घरातून बाहेर जाणारा कागद आतोबांच्या हातून गेल्याशिवाय जात नसे. त्यांनी तो पक्का करायला घेतला आणि सुधारला. सरकारी भाषा आटोपशीर असते, असं त्यांचं मत होतं. पाण्याच्या साठ्याला सरकार पाणीसाठा म्हणतं, शेताच्या साऱ्याला शेतसारा म्हणतं. मग माकडाच्या तापाला माकडताप. “षष्ठी तत्पुरुष,” ते आत्याला म्हणाले. आत्यानं मान डोलावली. तिला वाटलं कोणा अधिकाऱ्याचं नाव आहे.

व्याकरणाची त्यात एकही चूक नव्हती, हेच तर दुखणं होतं. माकडताप नावाचा एक खराखुरा रोग आहे. तिकडे कर्नाटकातल्या जंगलात माकडांना होतो, गोचीड चावून माणसांना होतो, आणि त्याच्या मागे विषाणू असतो. हे घरात फक्त मला माहीत होतं आणि मला पक्का अर्ज कोणी दाखवलाच नाही. आतोबांनी तो पाकिटात घालून चिकटवला, तालुक्याला नेऊन दिला आणि पोच घेऊन आले. नंतर तो माझ्या डोळ्यांनी मी वाचला तेव्हा असा होता:

‘विषय : वाडीतील माकडताप. महोदय, होळीपासून आमच्या वाडीत माकडताप सुरू झाला असून घरातील पाचही माणसे त्याने हैराण आहेत. ताप दररोज दोन वेळा येतो. पत्नीने तापापायी अन्न टाकले आहे. काठी, कुत्रा, फटाके व जाळे हे सर्व उपाय केले, परंतु गुण नाही. आता शेजारच्या वाडीतही पसरू लागला आहे. तरी आपण जातीने येऊन या तापाचा कायमचा बंदोबस्त करावा, ही विनंती.’

‘पत्नीने अन्न टाकले’ म्हणजे आईनं एकदा भाताचं पातेलं माकडावर फेकलं होतं. आतोबांना ते वाक्य लांब वाटलं.

आठवडाभरानं आमच्या अंगणात एक जीप येऊन उभी राहिली. तोंडाला फडकी बांधलेले दोन मदतनीस उतरले, त्यांच्यामागून एक पेटी उतरली आणि त्यानंतर एक बाई. सुती साडी वर खोचलेली, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, नाकावर जाड चष्मा. जीप गावात शिरताना चालकानं कोणालातरी “माकडतापवाल्याचं घर कुठलं?” असं विचारलं होतं. त्यामुळे जीप पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. शेजारच्या ख्रिस्ती वाडीतली मावशी, जी एरवी दिवसातून चार वेळा कुंपणावरून आईशी बोलायची, तिनं लांब बांबूच्या टोकाला पिशवी बांधून आमच्याकडे पाव सरकवले आणि लांबूनच ओरडली, “आजाऱ्यांना द्या गो! पिशवी नको परत!”

मी ओट्यावर आले आणि त्या बाईंकडे पाहिलं. माझ्या मुलाखतीला बसलेल्या तिघांपैकी मधली बाई हीच होती. आमच्या घरातून, आमच्या पत्त्यावरून गेलेला अर्ज तालुक्यानं विषय वाचून पुण्याला धाडला होता, आणि तो घेऊन ती थेट आमच्या दारात उभी होती. मी पाठच्या दारानं केळीत जाऊन लपले. माझ्या वयाच्या मुलीला हे शोभणारं नव्हतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. केळीच्या पानांतून मला ओटा दिसत होता आणि सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. “ताप कधीपासून आहे, भाऊ?”

“होळीपासून,” बाबा म्हणाले. कोणीतरी सरकारी माणूस जातीनं आला म्हणून ते भारावले होते.

“रोज येतो?”

“रोज. सकाळी साडेनवाला, मंग चारला.”

बाईंनी लिहून घेतलं. “थंडी वाजून येतो का?”

“थंडीबिंडी काय नाय. छपरावरून येतो.”

बाईंची पेन्सिल जरा थांबली, पण त्या अनुभवी होत्या. “किती चढतो?”

“माडाच्या शेंड्यापरयंत चढतो. येकदा तं विजेच्या खांबावर चढलेला.”

एका मदतनिसानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पेटीतून थर्मामीटर काढून बाबांच्या तोंडात ठेवलं. बाबांनी ते गालात सरकवून पुढं सुरू ठेवलं.

“उतरतो कधी?” बाईंनी विचारलं.

“पोट भरलं का उतरतो.”

“फटाके कशासाठी लावलेत?”

“घाबरून जावा म्हनून. दोन दिस गेलापन. मंग त्याला सवय झाली.”

“बरं,” बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. भ्रम झालेल्या माणसाशी बोलताना हळूच बोलावं, तसं. “आणि आसपास माकडं मरतायत का?”

इथं मात्र बाबांचा तोल गेला. थर्मामीटर हातात घेऊन ते म्हणाले, “मरत नाय! तीच तं तक्रार हाय! मरत असती तं अर्ज कशाला केला असता?”

मला आणखी लपणं शक्य नव्हतं. मी केळीतून बाहेर आले, केसांत वाळकी पानं घेऊन, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताप म्हणजे त्रास, तो माकडाचा, ते माकड एकच, त्याला काहीही झालेलं नाही, आणि षष्ठी तत्पुरुष आतोबांचा. बाईंनी मला ओळखलं. त्यांनी अर्ज काढून पुन्हा वाचला. पहिल्यांदा त्यांचा चेहरा संतापानं लाल झाला, आणि तो योग्यच होता. मग त्या ‘जाळे’ या शब्दापर्यंत आल्या आणि हसायला लागल्या. चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, पुन्हा वाचलं, पुन्हा हसल्या. मदतनिसांनी तोंडावरची फडकी सोडली. आतोबा मात्र अर्जात नेमकी चूक कुठं आहे ते दाखवा, असं तिघांनाही आळीपाळीनं विचारत होते.

“आता आलोच आहोत तर चार वाजेपर्यंत थांबू,” बाई म्हणाल्या. “पेशंट बघून जाऊ.”

आईनं सुकेळी आणि चहा आणला. सगळे ओट्यावर बसले. बाईंनी बाबांकडून माकडाची कहाणी पहिल्यापासून ऐकून घेतली, कुत्र्यापासून सदऱ्यापर्यंत, आणि बाबा ती रंगवून सांगत होते. इतकं मन लावून त्यांचं कोणी आजवर ऐकलं नव्हतं. घरात आम्हाला ती पाठ झाली होती.

“भाऊ, तुम्ही होळीपासून जे करताय ना, तेच तुमचं अंग फार जुन्या काळापासून करतंय,” बाई म्हणाल्या. “विषाणूला आपल्या पेशीत शिरायला दार लागतं. दाराला कुलूप असतं, आणि त्याच्याकडे त्या कुलपाची किल्ली असते. साथ आली, पुष्कळ मेले. पण एखाद्याच्या कुलपाचा घाट जन्मतःच जरा निराळा असतो. तो वाचतो, त्याची पोरंबाळं वाढतात. अशा पुष्कळ पिढ्या गेल्या की बहुतेकांचं कुलूप निराळं झालेलं असतं. तोवर विषाणूंमध्येही एखादा निराळ्या किल्लीचा निघतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.”

आईनं चहाची कपबशी खाली ठेवली. “पन कुलूप बदलून बदलून किती बदलनार? घरातल्या मानसालाबी त्याच दारानं जायचं-यायचं असतं ना?”

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हा प्रश्न मुलाखतीत तू विचारायला हवा होतास.” आई म्हणाली ते अगदी खरं होतं. विषाणू ज्या दारानं येतो ते दार मुळात अंगाच्या स्वतःच्या कामासाठी असतं. ते कायमचं बुजवलं तर अंगाचंच काम अडतं. चार वर्षं प्राणिशास्त्र घोकून मला हे सुचलं नव्हतं. मला अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

“माकडं आणि आपण एकाच कुळातली,” बाई पुढं सांगत होत्या. “कुलपं पुष्कळशी सारखी, म्हणून काही किल्ल्या दोन्हीकडे लागतात. आणि गंमत बघा. एखाद्या जातीच्या माकडात एखादा विषाणू पिढ्यान्पिढ्या राहिलेला असतो. तिथं दोघं एकमेकांना इतके सरावलेले असतात की माकडाला शिंकसुद्धा येत नाही. तोच विषाणू माणसात शिरला की घर पाडतो. नवी जागा ना त्याला!” त्यांनी आणखी एक सुकेळं उचललं. आता त्या रंगात आल्या होत्या. “काही विषाणू तर असे की आले आणि गेलेच नाहीत. वंशातच मिसळून बसले. माकडांमध्ये असे सापडलेत. काही करत नाहीत, कुठं जात नाहीत, पिढ्यान्पिढ्या आपले घरात. घरजावईच म्हणा ना!”

आई खोकली. आत्या वाशांकडे बघू लागली. आतोबा उठून उभे राहिले आणि त्यांनी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली.

“काही करत नाही?” ते म्हणाले. “अर्ज कोणी लिहिला?”

बाईंना क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि त्या इतक्या ओशाळल्या की मला त्यांची दया आली. “नाही, नाही,” त्या घाईनं म्हणाल्या, “त्यांतले काही उपयोगाचेही असतील! अजून शोध लागायचा आहे.”

“लागला का आमालाबी कळवा,” आत्या वाशांकडे बघतच म्हणाली.

तेवढ्यात चार वाजले. माकड वेळेवर आलं. छपराच्या कडेवर बसून त्यानं जीप पाहिली, पेटी पाहिली, फडकी पाहिली आणि आतोबांना ओळख दिली. मग ते मांडवावर उतरलं, जाळ्याची कडा उचलून मधलं सुकेळं घेतलं आणि परत वर जाऊन खाऊ लागलं. बाईंनी दुर्बीण लावून त्याला नीट न्याहाळलं. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, केस तुळतुळीत. “तब्येत उत्तम आहे,” त्या म्हणाल्या.

“असनारच,” बाबा म्हणाले. “आमच्या सुकेळीवर पोसलाय.” बोलण्यात तक्रार होती, पण मला त्यात थोडं कौतुकही ऐकू आलं. मग ते म्हणाले, “बाई, येक सांगा. ह्या भानगडीत शेवटाला जिंकतं कोन?”

“कोणीच नाही,” बाई म्हणाल्या. “विषाणूनं सगळं घर मारून टाकलं तर तो राहणार कुठं? आणि अंग म्हणालं, आता पुरे, मी दमलो, तर अंग संपलं. दोघांनाही थांबता येत नाही.”

बाबा वर बघत बसले. माकड बोटं चाटत होतं.

जायच्या आधी बाईंनी सांगितलं की आम्हा पाच जणांचं थोडं थोडं रक्त त्या नेणार. ताप नसलेल्या माणसांचं रक्तही त्यांना ताडून बघायला लागत असे. प्रत्येकाच्या नावानं एक संमतीचा कागद, आणि सगळ्यांवर घरच्या कर्त्याची सही. बाबांचा चेहरा उतरला. माकडाच्या अंगावर धावून जाणारा हा माणूस सुई बघितली की पांढराफटक पडायचा. “सही पायजे तितकी घ्या,” ते म्हणाले, “पन माजं रगात नाय मिलनार. चौघांचं बस झालं.”

बाईंनी कागद लिहायला माझ्याकडे दिले. आतोबांनी आपलं पेन पुढं केलं होतं, ते त्यांनी मुकाट्यानं परत खिशाला लावलं. मी आत जाऊन पाटावर बसले आणि पाच कागद भरले. फॉर्म पाठवायला तीनच दिवस उरले होते. माकडाचा बंदोबस्त होणार नव्हता, हे आता पुण्याच्या तज्ज्ञानं ओट्यावर बसून सांगितलं होतं; म्हणजे बाबांच्या हिशेबानं माझ्या फॉर्मची पाळी कधीच येणार नव्हती. मी कपाटातून वसतिगृहाचा फॉर्म काढला आणि पाच कागदांच्या खाली सरकवला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, सगळे कागद सारखेच, सुईच्या धास्तीनं त्यांचं लक्षही नसणार, असा माझा विचार होता. तो मला तेव्हा हुशारीचा वाटला. आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

बाबांनी मांडीवर पाट घेतला आणि सह्या करू लागले. आईचा कागद. आत्याचा. आतोबांचा. माझा. त्यांचा स्वतःचा, ज्याच्यावर त्यांनी ‘सही देतो, रगात नाय’ असं पुन्हा बजावून सही केली. मग सहावा कागद वर आला, आणि त्यांचं पेन थांबलं.

“घरात मानसं पाच हायेत,” बाबा म्हणाले. “कागद सहा.”

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. बाईंनी हात पुढं करून तो कागद घेतला, वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली.

“हा माझा नाही,” त्या म्हणाल्या. “हा तिचा आहे.”

बाबांनी कागद परत घेतला. आता ते बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होते. आई दारात येऊन उभी राहिली होती.

“ह्याला रगात लागतं?” बाबांनी बाईंना विचारलं.

“नाही.”

“तुमच्यासारखंच फिरायचं तिनं? जीपमधून, बूट घालून?”

“हो. पहिली दोन वर्षं बाटल्या धुवायच्या. मग फिरायचं.”

“माकडं चावतात?”

“कधी कधी.”

बाबांनी थोडा वेळ कागद नुसता हातात धरला. “तुमच्या कागदावर बापानं सही केल्ती?”

“वडील नव्हते,” बाई म्हणाल्या. “आईनं अंगठा दिला.”

बाबांनी पेन झटकलं. बाकीच्या पाच कागदांवर त्यांनी नुसतं नाव ओढलं होतं. ह्या कागदावर त्यांनी स्वतःचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं सावकाश लिहिलं. शेवटच्या अक्षरावरची रेघ राहिली होती, ती परत येऊन दिली. कागद माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला. मग सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी हात बाईंपुढं धरला.

“घ्या.”

“तुम्ही तर नको म्हणाला होतात.”

“घ्या म्हनतो ना.”

बाईंनी सुई लावली. बाबा हलले नाहीत, ओरडले नाहीत, नेहमीसारखी मान फिरवली नाही. समोर बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायचंही त्यांना सुचेना. आई पुढं झाली. तिनं पदर त्यांच्या गालाला लावला.

“येवडं दुखलं?”

“सुईचं नाय,” बाबा म्हणाले.